रात्री बारा वाजता शिळा होणारा डेटा

दर महिन्याची 20 तारीख माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या घरात लग्नघरासारखी उजाडते. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा व्यापाऱ्यांपासून महालातल्या भांड्यांच्या दुकानदारांपर्यंत माझ्याकडे वीसेक पार्ट्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे जीएसटीचे 3बी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या विक्रीचे आणि कराचे विवरणपत्र, त्या दिवशी रात्री बाराच्या आत भरायचे असते. पार्ट्या तारीख ओळखून असतात, तरीही शेवटची बिले 20 च्या दुपारी व्हॉट्सॲपवर येतात, तीही अशी फोटो काढलेली, की निम्मे बिल आणि निम्मा काउंटर. हे सगळे अंगवळणी पडलेले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काही महिन्यांपूर्वी मात्र त्या दिवशी एक वेगळीच अडचण आली. आमच्या गल्लीत सिमेंट रस्त्याचे काम सुरू होते. नागपुरात राहणाऱ्याला पुढचे वाक्य सांगायची गरज नाही, तरी सांगतो: जेसीबीच्या एका फटक्यात फायबरची केबल तुटली आणि घरातले ब्रॉडबँड तीन दिवस बंद पडले. मी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला. माझ्या सिमवर रोज दीड जीबीचा पॅक होता आणि एरवी मला तो पुरून उरतो, कारण घरी वायफाय असतेच. त्या दिवशी मात्र सकाळी मुलीने त्याच हॉटस्पॉटवर तिचा दोन तासांचा ऑनलाइन क्लास केला, दुपारी लॅपटॉपने न विचारता स्वतःचे काहीतरी अपडेट उतरवून घेतले, आणि रात्री सव्वाआठ वाजता मोबाइलवर मेसेज आला की आजचा शंभर टक्के डेटा वापरून झालेला आहे, यापुढे वेग 64 केबीपीएस राहील.

दोन रिटर्न भरायची बाकी होती. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी लागते. रक्कम मोठी नाही, पण उशीर माझ्यामुळे झाला तर ती मीच भरतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बावीस वर्षांत माझ्यामुळे कोणाला लेट फी लागलेली नाही.

64 केबीपीएस हा आकडा ऐकायला अगदीच वाईट वाटत नाही, म्हणून तो जरा फोडून पाहू. आठाने भागले की सेकंदाला 8 किलोबाइट येतात. पार्टीने पाठवलेला बिलाचा 3 एमबीचा फोटो उतरायला त्या वेगाने सहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोही मध्ये काही अडले नाही तर. आजच्या वेबसाइट या वेगासाठी बनवलेल्याच नसतात. मी लॉगिनचे पान उघडले, पान अर्धे आले, कॅप्चाचे चित्र आले नाही, पुन्हा उघडले, चित्र आले, मी ते भरेपर्यंत त्याची मुदत संपली. मग जादा डेटाचा छोटा पॅक घ्यावा म्हणून कंपनीचे ॲप उघडले, तर ते पांढऱ्या पडद्यावर गोल फिरत बसले. नेट संपले म्हणून नेट विकत घ्यायचे आणि ते घेण्यासाठी आधी नेट पाहिजे, ही त्यातली गंमत मला त्या क्षणी अजिबात गंमत वाटली नव्हती.

शेवटी गाडी काढून चौकातल्या रिचार्जच्या दुकानात गेलो. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘अनलिमिटेड पॅक’ असे लिहिलेले स्टिकर होते. दुकानदार मुलगा ओळखीचा आहे, त्यामुळे बोललो.

“काय रे, मी अनलिमिटेडच मारला होता न तुझ्याकडून?”

“अनलिमिटेडच आहे न काका. डाटा रोजचा दीड आहे.”

“मग अनलिमिटेड काय आहे त्याच्यात?”

“कॉलिंग,” तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने पुढे जोडले, “सगळ्यांचं असंच आहे काका, कोणाचंही घ्या.”

त्याने त्याच्या फोनवरून एक जीबीचा पॅक मारून दिला, मी घरी आलो आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी शेवटचे रिटर्न भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ही सगळी हकिगत आईला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “माझ्या फोनमध्ये नव्हतं का?”

होते. आईचा फोन रात्री तिच्या उशाशी होता आणि त्याच्या त्या दिवसाच्या दीड जीबीपैकी जवळजवळ सव्वा जीबी तसाच शिल्लक होता. मी गाडी घेऊन चौकात गेलो तेव्हा तो तिथेच होता आणि मी रिटर्न भरून झोपलो तेव्हा बारा वाजता तो संपूनही गेला होता. मी तिला सांगितले की आता तो नाही, रोजचे त्या रोज संपते. ती म्हणाली, “उरलं तर दुसऱ्या दिवशी चालत नाही? मग रात्री बारा वाजता शिळं होते का ते?”

आईच्या त्या प्रश्नापासून मी हा विषय धरून बसलो आहे.

आम्ही मोबाइलवर इंटरनेट वापरायला लागलो त्या काळात, म्हणजे 2जीच्या दिवसांत, शंभर रुपयांच्या आतबाहेर महिनाभराचे जीपीआरएस मिळायचे आणि त्याला अनलिमिटेड म्हणायचे. ते खरोखरच अनलिमिटेड होते, कारण त्या वेगाने महिनाभर उतरवत बसले तरी फारसे काही उतरत नसे. मर्यादा वेगातच होती. 2010 च्या लिलावानंतर 3जी आले, वेग वाढला आणि त्याबरोबर मोजमाप आले. 2016 पर्यंत एक जीबीला साधारण अडीचशे रुपये पडत असत. हे महाग होते, यात वाद नाही. त्या वेळी मी घराबाहेर व्हिडिओ उघडत नसे आणि पार्टीने फोटो पाठवला तर आधी त्याचा आकार पाहत असे. पण त्या एक जीबीचा एक गुण होता, तो आता आठवतो: तो महिनाभर माझा असे. पहिल्या आठवड्यात वाचवला तर चौथ्या आठवड्यात सापडत असे.

आपल्याकडे 3जी आले त्याच सुमारास अमेरिकेत मोजमापाची गाडी उलट्या टोकाकडून आली होती. तिथे 2007 मध्ये आयफोन आला तेव्हा एटी अँड टी या कंपनीने त्याच्यासोबत अमर्याद डेटा दिला होता. लोक फोनवर इतके काही करतील असा अंदाज बहुधा कोणालाच नव्हता. जून 2010 मध्ये त्या कंपनीने नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद केला आणि 15 डॉलरला 200 एमबी किंवा 25 डॉलरला 2 जीबी असे दोन मोजके पॅक ठेवले. जुलै 2011 मध्ये व्हेरायझन या तिथल्या दुसऱ्या मोठ्या कंपनीने तेच केले. ज्या जुन्या ग्राहकांकडे अमर्याद योजना होती ती काढून घेतली नाही, पण 2011 पासून त्यांच्यातल्या जास्त वापर करणाऱ्यांचा वेग एटी अँड टी महिन्याच्या मध्येच कमी करू लागली. तिथल्या ग्राहकांच्या बाजूने पाहणाऱ्या संघराज्य व्यापार आयोगाने 2014 मध्ये याच मुद्द्यावर कंपनीवर दावा लावला. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे होते की वेग गळ्यापर्यंत आवळायचा असेल तर त्या योजनेला अमर्याद म्हणू नये. दावा 2019 मध्ये 6 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. दरम्यान 2017 च्या फेब्रुवारीत दोन्ही कंपन्या पुन्हा अमर्याद योजनांकडे वळल्या होत्या, पण या वेळी एक अट घालून: महिन्यात 22 जीबी वापरून झाल्यावर, त्या भागातल्या टॉवरवर गर्दी असेल तरच तुमचा नंबर मागे लागेल. गर्दी नसेल तर नाही. या अटीकडे मी पुढे परत येणार आहे, कारण तिच्यात मला थोडा तरी न्याय दिसतो.

आपल्याकडे 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आली आणि सगळे पालटले. त्या दिवसांत सिमसाठी सीताबर्डीवर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवत असतील. सगळे फुकट होते, पण त्या फुकटातही एक गोष्ट होती, जिच्याकडे मी तरी तेव्हा लक्ष दिले नाही. 31 डिसेंबरपर्यंत रोज 4 जीबी, आणि नंतर 31 मार्चपर्यंत रोज 1 जीबी. महिन्याला नव्हे, रोज. फुकट मिळणाऱ्या वस्तूला कोणी अट विचारत नाही, म्हणून रोजच्या मापाची सवय आपल्याला फुकटच्या काळातच लागली. पैसे सुरू झाले तेव्हा माप रोजचेच राहिले आणि बाकीच्या कंपन्यांनीही तेच माप उचलले. महिन्याला एक जीबीवर जगणाऱ्या माणसाला रोजचा एक जीबी म्हणजे श्रीमंती वाटली. मलाही वाटली.

मग 5जी आले. ऑक्टोबर 2022 मध्ये एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत 5जी सुरू केले त्यांत आपले नागपूर होते, आणि त्याचा मला उगाचच अभिमान वाटला होता, जणू मीच टॉवर उभे केले. 2023 मध्ये 5जीवरच्या डेटाला रोजचे माप लावलेले नव्हते. पुन्हा अमर्यादाचे दिवस आले असे वाटले. जुलै 2024 मध्ये दर वाढले तेव्हा जिओ आणि एअरटेल या दोघांनीही अमर्याद 5जी फक्त रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर ठेवले. ज्यांनी रोज दीड जीबीचा पॅक घेतला त्यांचे 5जी पुन्हा मोजमापात आले. जिथे 5जीचा सिग्नल नीट पोचत नाही तिथे मोठा पॅक घेणाऱ्यालाही ते अमर्याद अर्धेच लाभते. माझ्या मेहुण्याकडे असा पॅक आहे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत फोनवर 5जी दिसते आणि स्वयंपाकघरात जाताच 4जी दिसते, म्हणजे सोफ्यावर बसून पाहिलेला सामना मोजला जात नाही आणि फोडणी घालताना ऐकलेले गाणे मोजले जाते.

दुकानदार मुलाने ‘कॉलिंग’ म्हटले ते उत्तर मला नंतर बराच वेळ आठवत राहिले, कारण ते नकळत फार अचूक होते. 4जीवर बोलणे हेही शेवटी डेटाच असते, पण आवाजाला फार थोडा डेटा लागतो. तासभर बोलले तरी थोड्याच एमबीत भागते. त्याच तासात मोबाइलवर साधारण बऱ्या चित्राचा व्हिडिओ पाहिला तर अर्धा जीबी किंवा त्याहून जास्त जातो. म्हणजे अमर्याद हा शब्द हलवून नेमका तिथे ठेवलेला आहे जिथे तो दिल्याने कंपनीच्या खिशाला फारशी तोशीस नाही. शब्द स्टिकरवर तोच, अक्षरेही तितकीच मोठी. यात खोटे काही नाही, पॅकच्या तपशिलात सगळे लिहिलेले असते. पण आमच्या धंद्यात खर्चाची रक्कम तीच ठेवून ती दुसऱ्या खात्यावर टाकली तर तिलाही खोटे म्हणत नाहीत. तिला काय म्हणतात ते ऑडिटरला विचारावे.

आता कंपनीची बाजू. ती मला नीट समजून घ्यायची होती, कारण हिशेबनीसाने एकच बाजू लिहिली तर ताळेबंद जुळत नाही. मोबाइलचा टॉवर हा त्याच्या आवाक्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. त्याच्याकडे लहरींचा ठरावीक पट्टा असतो, त्यातून सेकंदाला ठरावीकच डेटा जाऊ शकतो, आणि त्या क्षणी जितके लोक मागत असतील तितक्यांत तो वाटला जातो. टॉवर, लहरींचा परवाना, वीज, मागची फायबर या सगळ्यांचा खर्च सर्वांत गर्दीच्या तासाला पुरे पडेल असा करावा लागतो. रात्री तीन वाजता त्याच टॉवरवर कोणी काही मागत नसते आणि तरीही तो तितक्याच खर्चात उभा असतो. म्हणून कोणीतरी आवर घातला पाहिजे हे खरे आहे. दहा घरांत एका घराने रात्रंदिवस नळ सोडून ठेवला तर बाकीच्या नऊ घरांचा दाब कमी होणारच.

पण मग आवर गर्दीला घातला पाहिजे. रोजचे माप गर्दीला आवर घालत नाही. ज्याने विजयादशमीला किंवा 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या परिसरात फोन वापरायचा प्रयत्न केला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. देशभरातून आलेल्या लाखो माणसांपैकी बहुतेकांच्या पॅकमध्ये त्या क्षणी डेटा शिल्लक असतो आणि तरीही व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला एकाच टिकच्या पुढे जाता येत नाही. जामठ्याच्या स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी तेच. तिथे कोणाचा रोजचा दीड जीबी संपलेला नसतो, त्या टॉवरचा तो तास संपलेला असतो. उलट माझा डेटा त्या रात्री सव्वाआठला संपला होता, आणि मी रात्री अडीच वाजता, गल्लीतले सगळे झोपलेले असताना काम करायचे ठरवले असते, तर मला नव्या दिवसाचा पूर्ण कोटा मिळाला असता. पण दुपारी तीन वाजता, टॉवर तसाच निवांत असताना माझा कोटा संपला असता, तर मला 64 केबीपीएसवर बसवले असते. माप घड्याळाशी बांधलेले आहे, गर्दीशी नाही. अमेरिकेतली ती 22 जीबीची अट मला बरी वाटते ती याचसाठी, की तिथे निदान टॉवर भरलेला आहे का हे पाहिले जाते.

गर्दीचा विचार करणारे माप कसे असते याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. व्होडाफोन आयडियाने रात्री बारा ते सहा या वेळेतला डेटा कोट्यातून वगळण्याची सोय काही पॅकवर दिली आणि आठवडाभर उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याचीही दिली. वीजवाल्यांनी तर हे फार आधीपासून ओळखले आहे. कारखान्यांना वेळेनुसार दर असतातच आणि आता स्मार्ट मीटर असलेल्या घरांनाही दिवसा नऊ ते पाच या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते. आमच्याकडे पेंच धरणाचे पाणी मीटरने येते. त्या मीटरचे आकडे वाचायला येणाऱ्या माणसाशी लोक हुज्जत घालतात, बिल जास्त आले म्हणून ओरडतात, पण एक गोष्ट कोणी कधी ऐकलेली नाही: काल तुम्ही कमी पाणी वापरले, म्हणून कालचे उरलेले पाणी आम्ही परत नेले आणि तरीही त्याचे पैसे लावले. मे महिन्यात कूलरला चार बादल्या जास्त लागतात, जुलैत लागत नाहीत, आणि मीटर दोन्ही गोष्टी निमूट लिहून घेतो.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत पाहायला मी शेवटी कागद घेतला. उदाहरणादाखल जुलै 2024 नंतरचा जिओचा रोज दीड जीबीचा पॅक धरू: 28 दिवसांचे 299 रुपये. दीड गुणिले अठ्ठावीस म्हणजे 42 जीबी, म्हणजे एका जीबीला सव्वासात रुपयांहूनही थोडे कमी. 2016 च्या अडीचशे रुपयांपुढे हे काहीच नाही, आणि मोबाइलचा डेटा भारतात स्वस्त आहे असे जे म्हणतात ते खोटे नाही. पण हा भाव फक्त त्याला पडतो जो रोज रात्री बाराच्या आत दीडचा दीड जीबी संपवतो. आईचा वापर मी तिच्या फोनमध्ये पाहिला. पुण्याच्या भावाशी व्हिडिओ कॉल, एखादे कीर्तन, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभात: सरासरी रोज 300 एमबी. 28 दिवसांत 8.4 जीबी. याच 299 रुपयांच्या हिशेबाने तिला एक जीबी 35 रुपयांहून जास्त दराने पडतो.

मग मी दुसरा पॅक पाहिला. रोजची अट नसलेला, 30 दिवसांत केव्हाही वापरा असा 25 जीबीचा पॅक त्याच दरवाढीनंतर 355 रुपयांना होता. एका जीबीला 14 रुपये 20 पैसे. म्हणजे केव्हा वापरायचे हे ठरवायचा अधिकार ग्राहकाला दिला की तोच डेटा जवळजवळ दुप्पट महाग होतो. या दोन भावांमध्ये जो फरक आहे तोच आईच्या उशाशी रोज रात्री बारा वाजता शिळा होतो. कंपनीला हे पक्के माहीत आहे की 42 जीबी विकले तरी बहुतेक घरांत 42 जीबी वापरले जात नाहीत, आणि सव्वासात रुपयांचा भाव त्या न वापरलेल्या डेटाच्या जिवावर उभा आहे. यातून माझ्यासारख्याला मधूनच एखाद्या दिवशी जास्त लागले की तो दिवस वेगळा विकता येतो, त्या दरवाढीनंतर एकोणीस-बावीस रुपयांना एक जीबी, या दराने. तेच गिऱ्हाईक महिन्याचे सत्तावीस दिवस उरवते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी विकत घेते.

मर्यादा असावी, याला माझी हरकत नाही. 2010 मध्ये अमेरिकेत अमर्याद डेटा बंद झाला तेव्हा तिथल्या ग्राहकांना वाईट वाटले असेल, पण त्यांना निदान महिन्याचे 2 जीबी मिळाले आणि ते महिन्याचेच होते. पुढे 2015 च्या सुमारास एटी अँड टीने उरलेला डेटा पुढच्या महिन्यात नेण्याची सोयही दिली. माझी हरकत दिवसाच्या मापाला आहे. माणसाचा वापर दिवसागणिक सारखा नसतो. 20 तारीख रोज येत नाही, मुलीची परीक्षा रोज नसते, गल्लीत केबल रोज तुटत नाही (अजून तरी).

अठ्ठावीस दिवसांबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण तेही मापाचेच प्रकरण आहे. अठ्ठावीस तेरा वेळा घेतले की 364 होतात, म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात तेरा रिचार्ज. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, जानेवारी 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायला लावला, आणि ते पॅक आहेत, पण दुकानाच्या काचेवर दिसतात ते अठ्ठावीसचेच. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने ज्यांना डेटा नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितले. बटणाचा फोन वापरणाऱ्या माझ्या सासूबाईंना त्याचा उपयोग झाला. पण उरलेल्या डेटाचे काय करायचे आणि मर्यादा संपल्यावर वेग किती खाली न्यायचा, या दोन प्रश्नांना मोबाइलच्या बाबतीत असा हात लागलेला नाही. घरच्या वायरवरच्या ब्रॉडबँडला 2016 मध्ये ट्रायने सांगितले होते की मर्यादा संपल्यावरही वेग 512 केबीपीएसच्या खाली नेऊ नये. सरकारची ब्रॉडबँडची व्याख्या 2023 पासून 2 एमबीपीएस झाली. मोबाइलवर मात्र संपल्यानंतरचा वेग आजही 64 केबीपीएस, म्हणजे त्या व्याख्येच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. निदान तेवढा वेग वाढवला, पाचशेबारा ठेवला, तर व्हिडिओ नीट चालणार नाही, पण कॅप्चा दिसेल आणि रिटर्न भरता येईल. त्यासाठी टॉवरवर फार ओझे पडेल असे मला वाटत नाही.

या सगळ्यामुळे घरात ज्या सवयी लागल्या आहेत त्या आकड्यांत येत नाहीत. मुलगी रात्री पावणेबाराला उरलेला डेटा ‘संपवायला’ पुढच्या आठवड्याचे लेक्चर उतरवून ठेवते आणि बारा वाजून पाच मिनिटांनी नव्या दिवसाचा डेटा सुरू करते. त्या वीस मिनिटांत तिला हाक मारून उपयोग नसतो. पाहुणे आले की पूर्वी पाणी विचारायचे, आता हॉटस्पॉट विचारतात, आणि देणारा आधी मनातल्या मनात हिशेब करतो. आईने मात्र आपल्या स्वभावाप्रमाणे तोडगा काढला आहे. अन्न टाकायचे नाही हा तिचा नियम तिने इथेही लावला. मुलीकडून तिने हॉटस्पॉट चालू करायला शिकून घेतले आणि आता रात्री साडेदहाला झोपण्याआधी ती दारातून विचारते, “माझं एक जीबी उरलं आहे, कोणाला पायजे का?” बहुतेक वेळा मुलगी हो म्हणते. कधी कोणीच हो म्हणत नाही, तेव्हा ती जरा वेळ तशीच उभी राहते आणि मग फोन ठेवते.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी आता तीन सिमच्या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात. अठ्ठावीसच्या हिशेबामुळे त्या दर महिन्याला मागे सरकतात. या महिन्यात माझ्या सिमची तारीख सरकत सरकत नेमकी 20 वर आली आहे. दुकानदार मुलाशी बोलून ठेवले आहे; रिचार्ज 18 लाच मारून घेणार आहे, आणि आईला सांगितले आहे की 20 च्या रात्री फोन उशाशी घेऊन झोपायच्या आधी माझ्या टेबलावर आणून ठेव.